मॅकलूनांच्या रांगेतला मंडे

आयर्लंडच्या डोंगरातल्या मीनाड्रीनमध्ये आडनाव लागायचं ते पाद्रीला आणि पोलिसाला. बाकी कुणाला त्याची गरज नव्हती. अर्धी दरी मॅकलून, मग हाक कशी मारणार? म्हणून नावामागे बापाचं आणि आज्याचं नाव जोडायचं. रोशा मिकी ओइन म्हणजे ओइनच्या मिकीची रोशा. माझा नवरा पॅकी नेड ॲन, कारण त्याचा आजा लवकर गेला आणि आजीनंच घर चालवलं, तेव्हा साखळीत आजोबांच्या जागी ॲन येऊन बसली. मी किलिबेग्जची, मासळीच्या बंदरातली. लग्न होऊन या डोंगरात आले तेव्हा बरेच दिवस नुसती ‘पॅकीची बायको’ होते. मला माझ्या नावानं हाक मारणारी पहिली रोशाच.

“ऊना, आहेस का गं? किटली ठेव,” असं ओरडत ती कुंपणाच्या फटीतून यायची. उंच, हाडकुळी बाई. कमरेला लोकरीचा गुंडा खोचलेला आणि चालता चालता सुया चालू. ग्लेन्टीज गावातल्या व्यापाऱ्याला ती स्वेटर विणून द्यायची, त्यावरच तिचं चालायचं. लग्न केलं नव्हतं. नॅब्ला नावाच्या काकूनं तिला वाढवलं, पुढे त्याच काकूचं हागणं-मुतणं तिनं काढलं, आणि काकू गेल्यावर तिच्याच घरात एकटी राहिली.

तिची एक खोड होती. दरीत परकं माणूस दिसलं की ती नाव विचारायची आणि लगेच दुसरा प्रश्न: “आणि लिहिता कसं?” विमाएजंट असो, मेंढ्यांचा दलाल असो. लोक हसायचे. मीही हसायचे, मला सगळी हकीकत कळेपर्यंत.

ती हकीकत तिनं एकदम कधीच सांगितली नाही. तुकड्या-तुकड्यानं कळली.

रोशा अकरा वर्षांची असताना तिची आई, हॅना, क्षयानं गेली. बाप मिकी दर उन्हाळ्यात स्कॉटलंडला बटाटे काढायला जायचा, तसा त्या वर्षीही गेला आणि परत आलाच नाही. कुणी म्हणे दारूनं गेला, कुणी म्हणे ग्लासगोत दुसरं बिऱ्हाड केलं. मागे राहिली ही आणि पाच वर्षांचा कॉन्डी. कॉन्डी म्हणजे कॉनल, आमच्याकडे लाडानं कॉन्डीच म्हणतात; इंग्रजीत लिहिणारे त्याचं कॉर्नेलियसही करतात. पोर छातीनं नाजूक, सारखं खोकायचं.

नॅब्लाकाकूची स्वतःची सहा होती. रोशा गाईची धार काढू शकत होती, दलदलीतून जळणाच्या टर्फच्या पाट्या आणू शकत होती. तिचा उपयोग होता. कॉन्डीचा नव्हता. तेवढ्यात मुलांची हेळसांड होते का ते बघत फिरणारा साहेब दरीत आला. आमचे लोक त्याला क्रुएल्टीवाला म्हणायचे, आणि त्याची मोटार दिसली की पोरांना माळ्यावर लपवायचे. कॉन्डीला कुणी लपवलं नाही.

“हिवाळ्यापुरतं गं,” काकू म्हणाली. “तिथे मुलांच्या संस्थेत मठवाले ब्रदर लोक आहेत, दोन वेळा जेवू घालतील. वसंतात आणू त्याला.”

रोशानं त्याला तयार केलं. स्वतःची शाल कापून त्याच्या छातीला गुंडाळली आणि त्याला पढवलं.

“नाव विचारलं तर काय सांगशील?”

“कॉन्डी मिकी ओइन.”

“ते आपल्यातलं. परक्या माणसाला सांगायचं ते?”

पोर गोंधळलं. आडनाव त्यानं कधी वापरलंच नव्हतं. मग तिनं त्याच्याकडून घोकून घेतलं. इंग्रजी तिलाही धड येत नव्हतं, डोंगरात तेव्हा सगळा व्यवहार आयरिशमध्येच. मॅकलून हे पाद्रीनं इंग्रजीत बसवलेलं रूप. आमच्या तोंडात ते ‘मॅक अन लूअन’. तेच तिनं शिकवलं. मोटारीत बसेपर्यंत पोर पुटपुटत होतं, “मॅक अन लूअन, मॅक अन लूअन.”

वसंत आला. कॉन्डीला आणायला कुणी गेलं नाही. त्याच्या पुढच्या वसंतातही नाही. काकूपाशी विषय काढला की ती चूल उकरत बसायची.

रोशाला पूर्वेकडच्या सपाटीवरच्या शेतांत चाकरीला लावलं. तिथून सुटी मिळवून, सोळा-सतरा वर्षांची असताना, ती एकटी त्या संस्थेच्या फाटकाशी गेली. दुसऱ्या जिल्ह्यात होती ती. नाव मी लिहीत नाही, आता ती बंद आहे. लांबलचक दगडी भिंत, लोखंडी फाटक, आणि फाटकाच्या खोपटात एक ब्रदर.

“माझा भाऊ न्यायला आलेय. कॉनल मॅकलून.”

“लिहितात कसं?” त्यानं विचारलं. “‘मॅक’ पुरं की नुसतं ‘एमसी’? ‘लून’ला शेवटी ‘ई’ आहे की नाही?”

तिला सांगता येईना. तिला इंग्रजी अक्षरंच येत नव्हती.

“नाव लिहिता येत नाही आणि भाऊ शोधायला निघालीस,” तो म्हणाला. तरी आत जाऊन आला. “या नावाचा मुलगा इथे नाही. आलाच नाही कधी.”

“मग कुठे नेला त्याला?”

“ते मला काय ठाऊक, पोरी?”

ती भिंतीच्या कडेकडेनं परत आली. पलीकडे पोरांचे आवाज येत होते, असं ती म्हणायची.

दोन वर्षांनी ती पुन्हा गेली. तोवर लिहायला शिकली होती. कागदावर नाव लिहून नेलं होतं. उत्तर तेच.

तेव्हापासून तिनं मनाशी धरलं, की त्या दिवशी आपल्याला स्पेलिंग सांगता आलं नाही म्हणून भाऊ हरवला. कुठेतरी तो दुसऱ्याच अक्षरांत लिहिला गेलाय, ती अक्षरं सापडली की तो सापडेल. आणि बाई लागली आडनावांच्या मागे. आमचं नाव मुळात ‘मॅक गिला ओइन’, म्हणजे संत योहानाच्या सेवकाचा मुलगा. लोकांच्या जिभेवर घासून घासून त्याचं ‘मॅकलून’ झालं. खाली बॅलीशॅननकडे त्याचंच मॅकग्लोइन, उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीपलीकडे फर्मानामध्ये मॅकअलून, आणखी कुठे गिलून. एका पाद्रीला ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं, जमीनदाराच्या कारकुनानं आपल्या कानानं लिहिलं, आणि एकाच आजीची नातवंडं तीन आडनावांची झाली. रोशा स्कॉटलंडला बटाटे काढायला गेली की मजूर झोपायचे त्या प्रत्येक गोठ्यात विचारायची. कबरस्तानं पालथी घातली. मॅकअलून ऐकलं की फर्मानाला, ग्लोइन ऐकलं की बॅलीशॅननला. भेटले सगळे चुलत-मावस. कॉन्डी नाही.

या उद्योगात तिला दुसऱ्यांची आडनावंही कळत गेली. मग अमेरिकेतून पाळंमुळं शोधत येणारे लोक ग्लेन्टीजच्या हॉटेलातून तिच्याकडे धाडले जायला लागले. मी लग्न होऊन आले तेव्हा हे जोरात होतं. आमच्याकडे मोटार होती, म्हणून मी त्यांना हिंडवायचे. एकदा वॉर्ड नावाचे गृहस्थ आले. त्यांची समजूत अशी की वॉर्ड म्हणजे पहारेकरी, तेव्हा आपले पूर्वज किल्लेदार असणार.

“पहारेकरी कसले?” रोशा म्हणाली. “मॅक अन वॉर्ड. भाटांची पोरं तुम्ही. सरदार जेवायला बसले की बाजूला उभं राहून त्यांची स्तुती गायची.”

गृहस्थांचं तोंड उतरलं. “म्हणजे जमीनबिमीन नव्हती?”

“होती की. चांगली गायलात तर मिळायची.”

बायको खो-खो हसली, मग तेही हसले. ते गेल्यावर रोशा सुया घेऊन बसली. “लोकांची तीनशे वर्षांपूर्वीची माणसं मला सापडतात,” एवढंच म्हणाली.

ती साठीला आली तेव्हाची गोष्ट. पेटिगोला, अगदी सरहद्दीवर, पॅकीच्या लांबच्या काकाचं मयत झालं. आम्ही मयताशेजारी रात्रभर बसायला, जागरणाला गेलो, रोशाही बरोबर. शवपेटीच्या खोलीत माळ जपून झाली आणि बायका स्वयंपाकघरात चहाला जमल्या. घरधनीण प्रत्येकीची ओळख करून देत होती. “आणि ही आमची मिसेस मंडे, एनिसकिलनहून.”

“मंडे?” रोशानं विचारलं. “इंग्रज का तुमचे मिस्टर?”

“छे हो! पक्के फर्मानाचे. सासऱ्यांचे वडील मॅकअलून होते. शाळामास्तर निघाला अतिशहाणा. म्हणाला, ‘लूअन’ म्हणजे सोमवार, इंग्रजीत मंडे लिहा, जरा बरं दिसेल. तेव्हापासून निम्मं घर मॅकअलून आणि निम्मं मंडे. ख्रिसमसला एकत्र जमलो की काय गोंधळ—”

रोशाच्या हातातली बशी कलली आणि चहा तिच्या काळ्या झग्यावर सांडला. तिला चटका बसल्याचंही कळलं नाही. मी तिला बाहेर नेलं. अंगणात ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“मी कानानं शोधत राहिले, ऊना,” ती म्हणाली. “नाव कसं ऐकू येईल, कसं लिहिलं जाईल, एवढंच. त्याचा अर्थ कुणी लिहील हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि ‘मॅक अन लूअन’ सांग असं मीच पढवलं त्याला. मॅकलून शिकवलं असतं तर?”

“तू अकरा वर्षांची होतीस.”

“मॅकलूनला इंग्रजीत काही अर्थ नाही,” ती स्वतःशीच बोलत होती. “त्याला हातही लावला नसता कुणी.”

त्या संस्थेतून बाहेर पडलेली पोरं बहुतेक इंग्लंडला खणायच्या, बांधायच्या कामावर जायची, हे सगळ्यांना माहीत होतं. टेलिफोन आमच्या घरी होता. मी एकेका शहरातल्या आयरिश क्लबांना आणि पाद्रींना फोन लावायला लागले. “मला मंडे हवेत,” म्हटलं की पलीकडून, “बाई, आज गुरुवार आहे,” आणि हशा. रोशा शेजारी खुर्चीत ताठ बसलेली असायची. मला हसू यायचं, ते मी दाबायचे.

महिनाभरानं कॉव्हेंट्रीहून उलट फोन आला. मेयो जिल्ह्याच्या उच्चारातला जाड, घोगरा आवाज. फेस्टी गॉगन नाव सांगितलं.

“तुम्ही मंडेची चौकशी करताय असं पाद्री म्हणाला. आमच्यात एक आहे. कॉर्नेलियस मंडे. बोगद्याच्या कामावर आम्ही वीस-बावीस वर्षं एकत्र. पण बाई, त्याला कुणी नाही. तो अनाथ आहे.”

आम्ही बसनं डब्लिन, तिथून बोट आणि पुढे आगगाडी असं करत कॉव्हेंट्रीला गेलो. रोशानं स्वतः विणलेला स्वेटर घेतला होता, अंदाजानं, मापाशिवाय. फेस्टी स्टेशनवर आला होता. घोड्याच्या शर्यतींवर पैसे लावायच्या एका दुकानाच्या वर कॉर्नेलियसची खोली. एक पलंग, एक खुर्ची, गॅसची शेगडी. त्यानं उसने कप आणले होते, हॅमचे काप आणि केक मांडला होता. बुटका, रुंद माणूस. हात फावड्यासारखे. दर वाक्याला छाती घरघरायची. रोशानं दारातच त्याच्याकडे बघितलं आणि मला कळलं, तिनं बाप पाहिला त्याच्यात.

“कॉन्डी,” ती म्हणाली.

“कॉर्नेलियस,” तो म्हणाला. “बसा ना. खुर्ची एकच आहे.”

ती आयरिशमध्ये बोलायला लागली. त्यानं फेस्टीकडे बघितलं. “मला ते येत नाही, बाई. येत असेल तर मारून काढलं.”

मग तिनं इंग्रजीत सांगितलं. आई, बाप, काकू, मोटार, नाव. तो मान खाली घालून ऐकत होता. तिचं संपल्यावर म्हणाला, “मला सांगितलं होतं, सोमवारी सकाळी पायरीवर सापडलास म्हणून तू मंडे. मोठी पोरं मंगळवारी चिडवायची, ‘काल जन्मलास का रे?’”

“पायरीवर नव्हतास तू. तुला आई होती. ती मेली तेव्हा तू तिच्या कुशीतच होतास.”

“असं म्हणता?”

“आणि मी आले होते तुला न्यायला. फाटकापर्यंत आले होते. दोनदा. नाही म्हणाले, या नावाचा मुलगा नाही.”

“ते खोटं नाही बोलले,” तो म्हणाला. “त्या नावाचा नव्हताच.” मग विचारलं, “मी किती वर्षांचा होतो?”

“अकरा असशील.”

“म्हणजे मी फाटकाच्या डाव्या हाताला, शेतात. अकराव्या वर्षी आम्हाला दगड वेचायला लावायचे.”

खाली दुकानात शर्यत चालू झाली होती, रेडिओवरचा ओरडा फरशीतून वर येत होता. फेस्टी उठून खिडकीशी गेला.

“मला कुणी नाही हे मी पाठ केलं होतं, बाई,” कॉन्डी म्हणाला. आवाज चढला नव्हता. “त्याच्यावर सगळं रचलं मी. लग्न केलं नाही. पोरांना काय सांगणार होतो, तुमचं आडनाव एक वार आहे म्हणून? पण वाईट वाटून घेतलं नाही. कुणी आलंच नाही, त्याचं काय वाईट वाटायचं? आणि आता तुम्ही सांगता, कुणीतरी फाटकापर्यंत आलं होतं. आता त्याचं मी काय करू?”

स्वेटर रोशाच्या मांडीवर तसाच होता.

निघताना त्यानं अचानक विचारलं, “पाणी होतं का कुठे? मी कुणाच्या तरी पाठीवर, खाली पाणी, आणि माझ्या तोंडात केस. एवढंच आहे माझ्याकडे. मला वाटायचं स्वप्न असेल.”

“माझी वेणी,” ती म्हणाली. “ओढा ओलांडून चर्चला जाताना. चघळायचास तू. मी रागवायचे.”

त्यानं तिच्या डोक्याकडे बघितलं. कापलेले, पांढरे केस. मग स्वेटर घेतला. बाह्या लांब झाल्या होत्या.

त्या सप्टेंबरात तो मीनाड्रीनला आला. रोशानं घराला चुना लावला होता, पलंगाला नवी गादी केली होती. दरीतल्या म्हाताऱ्यांना ते पोर आठवत होतं. दुकानात नॅब्लाकाकूचा मुलगा ह्यूई मागून ओरडला, “कॉन्डी मिकी ओइन, ये की इकडे!” हा बिस्किटं बघत उभा. आपल्यालाच हाक मारतायत हे त्याला कळायला ह्यूईला त्याच्या खांद्यावर हात ठेवावा लागला. रात्री पबमध्ये याच ह्यूईनं दोन पेल्यांनंतर विचारलं, “काय मंडेसाहेब, मंगळवार-बुधवार घरी ठेवून आलात?” सगळे हसले आणि कॉन्डीही हसला, सरावलेलं हसू. घरी कळल्यावर रोशा ह्यूईच्या दारात जाऊन भांडायला निघाली.

“राहू दे,” कॉन्डी म्हणाला. “हे काही नवीन नाही.”

जुन्या घराचं छप्पर केव्हाच गेलं होतं. आत खाजरं रान आणि मेंढ्यांच्या लेंड्या. “मी कुठे झोपायचो?” त्यानं विचारलं. रोशानं चुलीजवळचा कोपरा दाखवला. तो तिथे जाऊन उभा राहिला, काही आठवतंय का बघत असावा. मग बाहेर येऊन म्हणाला, “लहान आहे नाही?”

बिनसलं ते चर्चमध्ये. रोशानं पाद्रीला सांगून त्याच्या बाप्तिस्म्याचा दाखला काढवून ठेवला होता. त्याला न सांगता, आनंदानं. दाखल्यावर कॉनल मॅकलून. त्यानं तो हातात घेतला आणि वाचला.

“हा कोण?”

“तू.”

“मी नाही.”

“कॉन्डी, अरे तुझं नाव आहे हे. मी आयुष्य घातलंय त्याच्यात. आता पेन्शनवर, सगळीकडे हे लावून घेता येईल, पाद्री म्हणतायत—”

“तुम्ही घातलंत आयुष्य. खरं आहे. पण बोगद्यात माझ्याबरोबर हा मॅकलून नव्हता. माती कोसळली तेव्हा पोरांनी ‘मंडे, मंडे’ म्हणून हाका मारत मला उकरून काढला. ते नाव ब्रदरनं चेष्टेनं दिलं असेल. पुढे ते मीच वापरलं ना? घासून घासून माझं केलं. आता तेही काढून घेता?”

“मी काढून नाही रे घेत. मी द्यायला आले.”

त्यानं दाखला टेबलावर ठेवला, नीट, घडी न मोडता. त्याला दरीत झोप लागत नव्हती. फार शांत आहे, म्हणायचा, छातीचा आवाज स्वतःलाच ऐकू येतो. ठरल्यापेक्षा आधीच तो गेला. मीच बसवर सोडला. रोशा दारात उभी होती. त्यानं तिचा हात हातात घेतला, “बरंय मग” म्हणाला. ‘बाई’ म्हणाला नाही, पण ‘ताई’ही म्हणाला नाही.

त्यानंतर रविवारी चर्च सुटल्यावर आमच्या फोनवर दोघं बोलायची. काय जेवलास, पाऊस आहे का, असलंच. तिनं नावाचा विषय पुन्हा काढला नाही. फोनवर ती त्याला कुठल्याच नावानं हाक मारायची नाही, हे माझ्या लक्षात आलं होतं.

दुसऱ्या हिवाळ्यात, फेब्रुवारीत, फेस्टीचा फोन आला. फुप्फुसं भरली होती. दवाखान्यात दोन दिवस, आणि संपलं. “तो म्हणाला होता, पुरायचं ती सांगेल तिथे,” फेस्टी म्हणाला. “पण नाव बदलायचं नाही.”

फेस्टी पेटीबरोबर आला. क्लबातल्या दोस्तांनी सगळी व्यवस्था केली होती. ज्या खोलीला तिनं त्याच्यासाठी चुना लावला होता, तिथेच जागरण झालं. दरीतलं झाडून सगळं माणूस आलं. पण जागरणाला मयताच्या गोष्टी सांगायच्या असतात, आणि कुणाकडे त्याच्या गोष्टीच नव्हत्या. लोक हवेवर बोलले, मेंढ्यांवर बोलले. शेवटी फेस्टीनंच तोंड उघडलं.

“हितून परत आला ना, तेव्हापासून वैताग आणला होता त्यानं. पबमध्ये नवा माणूस दिसला की सुरू. ‘मला बहीण आहे. ती मला न्यायला फाटकापर्यंत आली होती. दोनदा.’ आम्ही म्हणायचो, अरे, कळलं आता, किती वेळा? तरी सांगायचा.”

सगळ्यांनी रोशाकडे बघितलं. ती किटली घेऊन उभी होती. तिनं फेस्टीचा कप भरला, मग शेजारच्याचा, मग त्याच्या शेजारच्याचा. खोलीभर फिरली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मी मागे गेले तर ती टेबलाला दोन्ही हात टेकून उभी होती. म्हणाली, “मला का नाही सांगितलं त्यानं? दर रविवारी पाऊस आहे का विचारायचा.”

कबरीवरच्या दगडाचा प्रश्न उन्हाळ्यात निघाला. कबरस्तानाची व्यवस्था ह्यूईकडे. तो घरी आला, टोपी हातात घेऊन.

“रोशा, रांग आपली आहे. सगळे मॅकलून. मधेच मंडे म्हणजे कसं दिसेल? कुणी इंग्रज पुरल्यासारखं. परका वाटेल तो.”

“परकाच होता,” रोशा म्हणाली. “तुझ्या आईनं मोटारीत बसवला तेव्हापासून. आता त्याला ओढून आपला करायला मी कोण?”

ह्यूईनं टोपी डोक्यावर चढवली. पाद्रीनंही सुचवून बघितलं, वर मंडे आणि खाली कंसात मॅकलून. ती नाही म्हणाली. कॉर्नेलियस मंडे, बस. दगड बसवला त्या दिवशी मी तिच्याबरोबर होते. कारागीर निघून गेल्यावर तिनं अक्षरांतला चुरा रुमालानं पुसला.

“तुला खरं सांगू, ऊना?” ती म्हणाली. “मी शोधलं नसतं तर तो सुखानं मेला असता. त्याच्याकडे होतं तेवढंही मी विस्कटलं.”

“त्याला बहीण मिळाली, रोशा.”

“मिळाली. आणि काय काय मिळालं नाही तेही त्याला कळलं.”

त्यानंतर ती पाच वर्षं जगली. अमेरिकन लोक येत राहिले, पण ती त्यांना ग्लेन्टीजच्या वाचनालयात पाठवायची. नाव कसं लिहिता, हे तिनं पुन्हा कुणाला विचारलं नाही. विणकाम चालू होतं, नजर गेल्यावर तेही थांबलं. एका नोव्हेंबरात सकाळी मी दूध घेऊन गेले तर ती खुर्चीतच गेलेली होती, आणि चूल विझलेली.

तिची कबर त्याच्या शेजारी आहे. ओळीनं मॅकलून, मॅकलून, मधे एक मंडे, पुढे पुन्हा मॅकलून. डोंगरात फिरायला येणारी तरुण मंडळी तिथे थांबतात आणि विचारतात, हा इंग्रज कोण इथे? आमच्यातलं कुणी वेळ असेल तर सांगतं. बरेच जण म्हणतात, असेल कुणीतरी, आणि पुढे जातात.